काळ्या पडद्याचा इतिहास

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पंखे फिरू लागले, पण मॉनिटरवर काहीच दिसेना. अशा वेळी घरात पहिला शेरा येतो, ‘कार्ड खराब निघालं.’ दुसरा मुलाच्या वाट्याला येतो, ‘तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?’ व्हिडिओ एडिटिंग किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलांच्या साध्या घरांत हे कार्ड म्हणजे कित्येक महिन्यांची बचत असते. म्हणून कुणावरही तोहमत ठेवण्याआधी तहकीक व्हायला हवी. ती कशी करायची, हे कॉम्प्युटरचा इतिहास पाहिला की सोपं होतं.

1981 मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला, तेव्हा मदरबोर्डाला स्वतःचा डिस्प्ले नव्हता. मजकुरासाठी एमडीए आणि रंगीत चित्रांसाठी सीजीए, अशी दोन वेगळी कार्डं होती. कोणतं कार्ड बसवलंय, हे मदरबोर्डावरच्या छोट्या स्विचांनी मशीनला सांगावं लागे. डिस्प्लेमध्येच बिघाड असेल तर मशीन ते पडद्यावर लिहून दाखवणार कसं? म्हणून स्पीकरवरून एक लांब आणि दोन छोटे बीप वाजत. ही रीत अजून टिकून आहे. आजच्या अनेक मदरबोर्डांवर ‘व्हीजीए’ लिहिलेला बारीक दिवा असतो. पडदा मुका असला तरी मशीन दुसऱ्या मार्गानं बोलत असतं.

1982 मध्ये हर्क्युलिस कार्ड आलं. ते बनवणारे व्हॅन सुवन्नुकुल मूळचे थायलंडचे. त्यांना पीसीवर थाई लिपीत लिहायचं होतं आणि आयबीएमची कार्डं त्याला पुरी पडत नव्हती. आपल्याकडेही आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटत. कार्ड म्हणजे फक्त गेम खेळायची वस्तू, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपली लिपी पडद्यावर आणण्यात या पाट्यांचाही वाटा आहे.

भाषेचा प्रश्न कार्ड आणि मशीन यांच्यातही असतो. 1984 च्या ईजीए कार्डानं सोबत स्वतःचा छोटा प्रोग्राम आणला. मशीन सुरू होताना तो वाचून कार्ड जागं केलं जाई. पुढे जुन्या बायोसची जागा यूईएफआयनं घेतली आणि ही बोलीही बदलली. जुना मदरबोर्ड आणि नवं कार्ड एकमेकांची बोली समजले नाहीत, तर दोघं धडधाकट असूनही पडदा काळा राहतो. 2018 मध्ये एनव्हीडियानं मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी फर्मवेअर अपडेट दिलं. नवा डिस्प्लेपोर्ट मॉनिटर जोडला की विंडोज सुरू होईपर्यंत पडदा कोरा राहण्याची शक्यता होती. तोवर एचडीएमआयनं किंवा दुसऱ्या मॉनिटरवर काम चालवा, असा सल्ला होता. म्हणजे कार्ड ठीक होतं, बोली जुनी होती.

1999 मध्ये इंटेलच्या 810 चिपसेटमध्ये ग्राफिक्स आलं आणि वेगळ्या कार्डाशिवाय चित्र दिसू लागलं. सोय झाली, तसा गोंधळही वाढला. आता कॉम्प्युटरच्या मागे डिस्प्लेची दोन ठिकाणं असतात, मदरबोर्डाचं आणि कार्डाचं. केबल सवयीनं जुन्याच जागी राहते आणि दोष नव्या कार्डावर येतो.

2004 च्या सुमारास पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रुळला. हा स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो. अधिक वीज खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते, सहा पिनांची 75 वॅटची किंवा आठ पिनांची 150 वॅटची. प्रोसेसरची आठ पिनांची वायरही तशीच दिसते, पण ती इथे चालत नाही. जबरदस्तीनं खुपसू नये.

आता हाच इतिहास उलट दिशेनं वाचायचा. उर्दू वाचणाऱ्यांना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणं काही नवं नाही. आधी मेनस्विच बंद करून प्लग काढा. कार्ड काढून, खटका बसेपर्यंत पुन्हा नीट बसवा आणि विजेची वायर पाहा. मग केबल कार्डालाच जोडलीय ना आणि मॉनिटरवर योग्य इनपुट निवडलाय ना, ते बघा. तरीही अंधार असेल तर बीप ऐका, दिवा पाहा. त्यानंतर कार्ड काढून मदरबोर्डाच्या डिस्प्लेवर मशीन सुरू करा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कुणाचं तरी जुनं कार्ड लावा. चित्र आलं की बायोस अपडेट करा आणि यूईएफआय व सीएसएमची सेटिंग तपासा. शेवटी ते कार्ड दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावून पाहा.

तिथेही पडदा काळाच राहिला, तर बिल आणि वॉरंटी घेऊन दुकानात जा. तेव्हा तुमच्या तक्रारीला पुराव्याचं वजन असेल. आणि ही सगळी तपासणी मुलालाच करू द्या. ज्याच्यावर दोष येणार होता, त्यालाच खरं कारण शोधता येईल.