खतावणीची साक्ष

नगरपालिकेवर स्थानिक वृत्तपत्राचा वचक असावा, असे आपण नेहमी म्हणतो. पण हा वचक बसतो कशाने? न्यूयॉर्क शहराचा इतिहास याचे उत्तर देतो.

इ. स. १८७० मध्ये त्या शहराचा कारभार विल्यम ट्वीड व त्याच्या टोळक्याच्या मुठीत होता. सरकारी जाहिरातींनी मिंधी झालेली अनेक पत्रे मूग गिळून बसली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र टीकेची झोड उठविली. पण शहरातील सहा प्रतिष्ठितांनी हिशेब चोख असल्याचा दाखला दिला आणि टोळके निर्धास्त झाले.

पुढे ट्वीडशी बिनसलेल्या जेम्स ओब्रायन या माजी शेरीफाने हिशेबाच्या नकला टाइम्सकडे आणून दिल्या. जुलै १८७१ मध्ये त्या छापून निघाल्या. न्यायालयाच्या इमारतीला गिलावा करणाऱ्याच्या नावे दोन दिवसांच्या कामाचे १,३३,१८७ डॉलर पडले होते! अग्रलेखांनी जे साधले नव्हते, ते आकड्यांनी साधले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत टोळक्यातील बहुतेकांचा पाडाव झाला. खुद्द ट्वीड त्या वेळी निवडून आला खरा; परंतु १८७८ मध्ये तो तुरुंगातच मरण पावला.

श्रोतेहो, ही खतावणी उघडी पडली ती आपसांतील बेबनावामुळे. असा योग प्रत्येक शहराच्या वाट्याला येत नाही. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने नगरपालिकेचा जमाखर्च मागण्याचा हक्क सामान्य नागरिकाला दिला आहे. तो आपण बजावला, तरच आपल्या गावच्या वृत्तपत्राच्या शब्दाला वजन येईल.