फ्रँकलिनचा शोध, डिकन्सचा अविश्वास

चार्ल्स डिकन्स यांची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही कादंबरी आपल्याकडील साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. तिची मध्यवर्ती कल्पना आपल्याला ‘द फ्रोझन डीप’ या नाटकात भूमिका करताना सुचली, असे डिकन्स यांनी प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. विल्की कॉलिन्स यांचे १८५७ सालचे हे नाटक उत्तर ध्रुवप्रदेशात अडकलेल्या खलाशांविषयी आहे, आणि त्यामागे एक खरी शोकांतिका उभी आहे. त्याच शोकांतिकेविषयी डिकन्स यांनी नाटकाच्या तीन वर्षे आधी जे गद्य लिहिले, ते मात्र फारसे कोणी वाचत नाही. हरवलेल्या माणसांच्या शोधात कोणाची साक्ष ग्राह्य मानावी, हा त्या लेखनाचा विषय होता. आणि आमच्या मते त्यात डिकन्स यांचे सारे वाङ्मयीन सामर्थ्य भलत्या बाजूला खर्ची पडले.

सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश आरमाराची जहाजे १९ मे १८४५ रोजी इंग्लंडहून निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातून अटलांटिक व पॅसिफिक यांना जोडणारी वाट शोधायची होती. जुलैअखेरीस बॅफिनच्या उपसागरात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांना ती दिसली. त्यानंतर त्या १२९ जणांना कोणाही युरोपीय माणसाने जिवंत पाहिले नाही.

जहाजांवर तीन वर्षांचा शिधा होता, म्हणून आरमार खाते निश्चिंत राहिले. पण १८४७ सालीच डॉ. रिचर्ड किंग यांनी सरकारला कळविले होते, की ही माणसे दक्षिणेकडे अडकली असणार आणि त्यांच्यापर्यंत बॅक नदीच्या वाटेने पोचता येईल. ती कामगिरी आपल्यावर सोपवावी. किंग पूर्वी त्याच नदीच्या मोहिमेवर डॉक्टर म्हणून जाऊन आलेले होते. मात्र स्वभाव भांडखोर आणि पत्रांची भाषा बोचरी. पत्रांचा सूर तेवढा लक्षात राहिला, तर्क बाजूला पडला. पुढे १८५० साली बीची बेटावर मोहिमेतील तिघांची थडगी सापडली, पण पुढचा मार्ग सांगणारी चिठ्ठी काही मिळाली नाही. नैर्ऋत्येची वाट बंद असल्यास उत्तरेकडे वळावे, अशी मुभा फ्रँकलिन यांच्या आज्ञापत्रात होती. ध्रुवाभोवती खुला समुद्र असावा, ही समजूतही तेव्हा प्रबळ होती. त्यामुळे थडग्यांवरूनही उत्तर दिशाच काढली गेली.

खरी बातमी आणली ती डॉ. जॉन रे यांनी. ऑर्कनी बेटांवर जन्मलेले रे हडसन्स बे कंपनीच्या नोकरीत होते आणि इन्युइट लोकांप्रमाणे बर्फाची घरे बांधून, शिकार करून प्रवास करीत. १८५४ च्या वसंतात त्यांना पेली उपसागराजवळ इन्युइटांकडून कळले, की काही वर्षांपूर्वी सुमारे चाळीस गोरी माणसे होडी ओढीत दक्षिणेकडे जाताना दिसली होती. पुढे त्यांची प्रेते एका मोठ्या नदीच्या परिसरात आढळली. वर्णन बॅक नदीशी जुळत होते. रे यांनी अधिकाऱ्यांची कुलचिन्हे असलेले चांदीचे चमचे-काटे आणि खुद्द फ्रँकलिन यांचे मानचिन्ह विकत घेतले. प्रेतांच्या स्थितीवरून आणि भांड्यांतील अवशेषांवरून त्या माणसांनी अखेरीस मृत सोबत्यांचे मांस खाल्ले असावे, हेही त्यांनी अहवालात लिहिले. तो अहवाल ऑक्टोबर १८५४ मध्ये वर्तमानपत्रात आला आणि इंग्लंड हादरले.

डिसेंबरात डिकन्स यांनी ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या आपल्या साप्ताहिकाच्या दोन अंकांत उत्तर दिले. रे यांच्यावर वैयक्तिक आरोप न करता त्यांनी साक्ष मोडीत काढली: दुभाषा विश्वासार्ह नाही, ‘रानटी’ माणूस स्वभावतःच खोटे बोलतो, कदाचित त्यांनीच या खलाशांना मारले असेल. मग जहाजफुटीच्या कितीतरी जुन्या हकिगती मांडून शिस्तीत वाढलेले इंग्रज असे करणे शक्य नाही, असा निष्कर्ष काढला. रे घटनास्थळी गेले नव्हते, त्यांची माहिती ऐकीव होती, हा आक्षेप रास्तच होता. पण डिकन्स यांचा मुख्य निकष पात्रसंगतीचा आहे. अमुक घडणीचे पात्र अमुक प्रसंगी कसे वागेल, हे कादंबरीकाराने ठरवावे. तपासात ते आधी ठरवून चालत नाही. रे यांनी त्याच साप्ताहिकात आपल्या साक्षीदारांची आणि दुभाष्याची बाजू मांडली. १८५६ साली त्यांना दहा हजार पौंडांचे बक्षीसही मिळाले. लौकिक मात्र उणावला तो उणावलाच.

आपल्याकडे राजवाड्यांनी बखरींहून अस्सल कागदपत्रांचे श्रेष्ठत्व ठसविले, आणि मराठी इतिहासलेखनाला त्याचा मोठा लाभ झाला. पण ज्या समाजाकडे कागदच नाही, त्याची स्मृती तपासायची कशी, हा प्रश्न त्या शिस्तीत पुरता सुटत नाही. असो.

कागद १८५९ साली मिळाला. मॅक्लिंटॉक यांच्या मोहिमेला किंग विल्यम बेटावर व्हिक्टरी पॉइंटजवळ एक चिठ्ठी सापडली. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले. जहाजे २२ एप्रिल १८४८ रोजी सोडली. उरलेले १०५ जण बॅक नदीकडे निघत आहेत. म्हणजे किंग यांनी सुचविलेलीच दिशा. चिठ्ठी दक्षिणेच्या प्रवासापाशी थांबते. त्यापुढचे जे काही ठाऊक होते ते इन्युइटांना. १८६० च्या दशकात चार्ल्स फ्रान्सिस हॉल या अमेरिकनाने त्यांच्यात राहून, तकुलित्तुक ही इन्युइट स्त्री व तिचा पती इपिरविक यांच्या मदतीने, या आठवणी टिपून घेतल्या. त्यांत दक्षिणेला उत्जुलिक परिसरात बुडालेल्या एका जहाजाचे वर्णन होते. त्याच्या आत एका धिप्पाड गोऱ्या माणसाचे प्रेत होते, असेही त्या लोकांनी सांगितले. या साक्षी एकमेकींशी सर्वत्र जुळतात असे नाही. स्थळे आणि काळ यांची सरमिसळ आहे, भाषांतराचे घोळ आहेत. डेव्हिड वुडमन यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, हे काम आम्हांला पाठचिकित्सेच्या फार जवळचे वाटते.

‘एरेबस’ सप्टेंबर २०१४ मध्ये त्याच उत्जुलिक परिसरात, अवघ्या ११ मीटर खोल पाण्यात सापडले. ध्वनिलहरींनी तळ पाहणारी यंत्रे अर्थातच लागली. पण अफाट समुद्रात ती कोठे न्यायची, हे जुन्या साक्षींमुळे ठरविता आले. ‘टेरर’ २०१६ साली सॅमी कोगविक या इन्युइट गृहस्थाने काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेले डोलकाठीसारखे लाकूड पाहिल्याचे सांगितल्यावर मिळाले.

आणि ती दुसरी, इंग्लंडला न सोसलेली गोष्ट? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एरेबस उपसागराच्या किनाऱ्यावरील अनेक हाडांवर सुरीच्या खुणा नोंदविल्या गेल्या. २०२४ साली त्याच जागेवरील एक जबडा डीएनए चाचणीने ‘एरेबस’चे कप्तान जेम्स फिट्झजेम्स यांचा ठरला, त्यावरही कापल्याच्या खुणा आहेत. व्हिक्टरी पॉइंटच्या चिठ्ठीतील १८४८ चा मुख्य मजकूर याच फिट्झजेम्स यांच्या हस्ताक्षरात आहे.