सोन्याच्या तारेपासून पारदर्शक साच्यापर्यंत



गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याज यांचं बोलणं आटोपलं की घरच्या गोष्टी निघतात. त्यात आम्हाला अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. पोरीचे दात पुढे आहेत, तार लावावी की ते न दिसणारे प्लास्टिकचे साचे घ्यावेत? मोबाईलवर साच्यांच्या जाहिराती सारख्या येतात, आणि एखादी त्यासाठी गटातून कर्ज काढायच्या विचारात असते. म्हणून आज या तारेचा आणि साच्याचा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं आहे. कोणती वस्तू कशासाठी निघाली हे कळलं की निवडणं सोपं जातं.

आपल्याकडे दातांबद्दल समजुती भरपूर, उपाय मात्र थोडे. बाळाला वरचे दात आधी आले तर मामाला जड म्हणायचं. दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा. कडुनिंबाच्या नाहीतर करंजाच्या काडीनं दात घासायचे. दात वाकडा आला तर नशीब म्हणून सोडून द्यायचं. मुलाचं नशीब तिथंच संपायचं, मुलीचं मात्र बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मोजलं जायचं. पदर तोंडाशी धरून हसणाऱ्या बाया आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

दात सरळ करायची खटपट मात्र फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकानं लिहून ठेवलं की दुधाचा दात पडायच्या आधीच नवा उगवला, तर दुधाचा काढावा आणि नव्याला रोज बोटानं जागेवर ढकलावं. सहा-सात वर्षांच्या लेकरांच्या खालच्या जबड्यात अशी दुहेरी ओळ आजही दिसते आणि आई घाबरून जाते. बहुतेक वेळा दुधाचा दात पडला की जीभच मागच्या दाताला पुढे सरकवते. जोर थोडा पण रोजचा, हे सेल्ससनं सांगितलेलं तत्त्व तारेलाही लागू आहे आणि साच्यालाही.

1728 साली पॅरिसचे पिअर फोशार यांनी दातांच्या वैद्यकावर मोठा ग्रंथ काढला. त्यात घोड्याच्या नालेसारखी एक धातूची पट्टी आहे. ती दातांना लावायची आणि वाकडे दात दोऱ्यानं तिला बांधायचे. काकडीचा वेल आपण मांडवाला बांधतो, अगदी तसं. पण हाडात घट्ट रुतलेला दात सरकतो तरी कसा, हे पुढची पावणेदोनशे वर्षं नीट कळलं नव्हतं. 1904 च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते दाखवलं. दात ज्या बाजूला दाबला जातो तिथलं हाड हळूहळू विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. जोर जास्त लावला तर काम उलट अडतं आणि दाताचं मूळही झिजू शकतं. म्हणून या उपचाराला दीड-दोन वर्षं लागतात. सहा महिन्यांत सगळे दात सरळ करून देतो असं सरसकट कोणी सांगत असेल, तर सावध राहा.

आजची तार आली अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांच्याकडून. 1899 मध्ये त्यांनी वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून वाकड्या दातांचे तीन वर्ग केले. नागपूरच्या कॉलेजात डॉक्टर तुमच्या मुलीच्या केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहितात, ते त्यांचंच. 1928 मध्ये त्यांनी चौकोनी खाचेचं ब्रॅकेट जगापुढे मांडलं, आणि आजही बहुतेक ब्रॅकेटं त्याच घराण्यातली आहेत. त्या काळी तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत. दातांसाठी सोनं कोणाला परवडणार? श्रीमंतांच्याच लेकरांना.

अँगल यांचा दात काढायला सक्त विरोध होता. सगळे बत्तीस दात बसलेच पाहिजेत, असं ते म्हणत. त्यांचेच विद्यार्थी रेमंड बेग ऑस्ट्रेलियात परतले आणि तिथल्या आदिवासींच्या जुन्या कवट्या अभ्यासू लागले. भरड अन्न चावून त्या लोकांचे दात वरून आणि एकमेकांना लागणाऱ्या बाजूंनीही झिजत, त्यामुळे जबड्यात जागा होत असे. आपलं अन्न मऊ, दात झिजत नाहीत, म्हणून गर्दी होते. तेव्हा गरजेपुरता दात काढण्यात गैर नाही, असं बेग यांनी 1954 मध्ये मांडलं. आपल्या बायांना सर्वांत जास्त भीती याच गोष्टीची वाटते. चांगला दात का काढायचा? पाच माणसांच्या बाकावर सहा जण बसले तर एकाला उठावंच लागतं. अर्थात प्रत्येकीला ते लागतं असं नाही. बेग यांची बारीक गोल तारेची पद्धत भारतातल्या कॉलेजांतही बरीच वर्षं चालली.

पुढे सोन्याच्या जागी स्टील आलं आणि तार स्वस्त झाली. तरी प्रत्येक दाताला धातूचं कडं बसवावं लागे, सगळं तोंड लोखंडी दिसे. 1955 मध्ये मायकल बुओनोकोर यांनी दाखवलं की दाताचा वरचा थर आम्लानं थोडा खरखरीत केला तर त्याला चिकटद्रव्य धरतं. त्यातूनच पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवायची पद्धत आली.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट सांगायलाच हवी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेलं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की पक्के दात पांढऱ्या ठिपक्यांचे, पिवळे-तपकिरी येतात. पुष्कळ जणी ते घासून घासून थकतात. तो मळ नसतोच, डाग दाताच्या आत असतो. अशा दातावर आम्ल नीट काम करत नाही, त्यामुळे ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निघण्याची शक्यता असते. साच्यांसाठीही दातावर छोटे ठिपके चिकटवावे लागतात, त्यांचीही तीच अडचण. तेव्हा आपल्या गावचं पाणी कसं आहे हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. त्यांना वेगळी तयारी करता येते.

1968 मध्ये नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय सुरू झालं. तेव्हा गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. मुंबईच्या खालोखाल विदर्भाला ही सोय मिळाली हे मोठंच झालं. पण चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून त्याहून जास्त, आणि भामरागडच्या बाईला तर आधी गडचिरोली गाठायलाच दिवस जातो. तारेला साधारण महिन्याकाठी एक फेरी लागते. तिकीट, बुडालेली मजुरी आणि सोबतीचा माणूस, हा खर्च कुठल्याच दरपत्रकात लिहिलेला नसतो.

आता साच्यांकडे येऊ. 1945 मध्ये अमेरिकेतले केसलिंग रबराचा साचा वापरत. एकामागून एक थोडे वेगळे साचे घातले तर मोठे बदलही होतील, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. पण इतके साचे हातानं घडवणार कोण? ते काम संगणकानं सोपं केलं. 1997 मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी कॅलिफोर्नियात कंपनी काढली. दोघंही दंतवैद्य नव्हते. चिश्ती यांनी मोठेपणी तारा लावल्या होत्या, कल्पना तिथून सुचली. संगणकावर दात टप्प्याटप्प्यानं सरकवायचे आणि प्रत्येक टप्प्याचा पारदर्शक साचा तयार करायचा; एक साचा दात साधारण पाव मिलिमीटर हलवतो. हेच इनव्हिजलाइन. 2017 पासून त्यांच्या जुन्या पेटंटांची मुदत संपू लागली आणि जगभर कंपन्यांची रीघ लागली. आपल्या मोबाईलवरच्या जाहिराती त्याच रिघेतल्या.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत स्माईलडायरेक्टक्लब नावाची कंपनी लोकांना घरी माप घ्यायला लावून टपालानं साचे पाठवत असे. डिसेंबर 2023 मध्ये ती अचानक बंद पडली. अर्धवट सरकलेले दात घेऊन लोक जागच्या जागी राहिले, आणि ज्यांचे हप्ते चालू होते त्यांना ते भरत राहायला सांगण्यात आलं. एक्स-रे नाही, हिरड्या कोणी पाहिल्या नाहीत, अडल्यावर जायचं कुठं हेही माहीत नाही. अशा साच्यासाठी गटाचा पैसा घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेले साचे वाईट नाहीत. चारपाच साचे एकदम घरी नेता येतात, फेऱ्या कमी होतात. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटतं तेव्हा टोचणारी तार घेऊन बसावं लागत नाही. (तार असेल तर डॉक्टरांकडून मेणाची डबी मागून ठेवा, टोचणाऱ्या टोकावर लावायला.) पण साचा दिवसातले वीस-बावीस तास तोंडात हवा. जेवताना काढायचा, चहाला काढायचा, चूळ भरून परत घालायचा. शेतावर, रोजगार हमीच्या कामावर किती वेळा चहा होतो ते मोजा. आश्रमशाळेतली बारा वर्षांची मुलगी हे सगळं सांभाळेल का? तार काढता येत नाही, हाच तिचा गुण. मुलीनं विसरलं तरी ती काम करतच राहते. फुटाणे, ऊस, भाजलेलं कणीस तेवढं बंद. फार फिरलेले, खूप पुढे आलेले, सुळा वर अडकलेला, अशा अवघड दातांना अजूनही तारच अधिक भरवशाची, आणि पैसेही बरेच कमी. दात थोडेसेच वाकडे, वय मोठं, हातात पैसा आणि जवळ तज्ज्ञ असेल, तर साचा घ्यायला हरकत नाही.

आणि खर्रा. तो तोंडात असेल तर तार नको, साचाही नको. हिरड्या सुजलेल्या असताना दात सरकवला तर तो हलायला लागतो, आणि खऱ्र्यानं तोंडच उघडेनासं झालं तर डॉक्टरांचा हात आत जाणार कसा?

शेवटचं एक. तार निघाली किंवा साचे संपले, तरी दात जुन्या जागी परतू पाहतात. म्हणून रात्री घालायचा रिटेनर लागतो, तोही वर्षानुवर्षं. पैसे ठरवतानाच विचारा की रिटेनर त्यात धरला आहे का, मोडला तर दुसरा कितीला पडेल. तो उकळत्या पाण्यात धुवू नका, वाकडा होतो. रुमालात गुंडाळून उशाखालीही ठेवू नका. झाकणाच्या छोट्या डबीत ठेवा.