'वगैरे' नावाची खोली

लिनक्समध्ये अख्ख्या यंत्राचे नियम ज्या डिरेक्टरीत राहतात तिचं नाव ईटीसी. म्हणजे एट सेटेरा. म्हणजे चक्क 'वगैरे'! लिनक्सनं ज्याचा कित्ता गिरवला ते युनिक्स बेल लॅब्समध्ये घडत होतं तेव्हा, 1970च्या आसपास, जे दुसरीकडे कुठे बसेना ते या खोलीत जाई. माळ्यावरची ट्रंकच म्हणा ना. पुढे त्याच ट्रंकेत घराची कागदपत्रं आली, नाव तेच राहिलं. हल्ली काहीजण ईटीसीची फोड 'एडिटेबल टेक्स्ट कॉन्फिगरेशन' अशी करतात. ती झूल मागाहून शिवलेली आहे.

आपलं 'वगैरे' अरबीतून फारसीमार्गे आलं. 'व' म्हणजे आणि, 'गैर' म्हणजे इतर. 'आणि त्याखेरीज इतर'. गैरहजर, गैरसमज यांतला हाच तो गैर. लॅटिन 'एट सेटेरा'चा अर्थही 'आणि बाकीचं'. एकाच धाटणीचे शब्द, दोन टोकांच्या भाषांत.

आता पुन्हा ईटीसीकडे. तिथल्या 'प्रोफाइल' या फाइलीतले नियम सगळ्या वापरकर्त्यांसाठी. आपल्यापुरत्या खोडी घरच्या डिरेक्टरीतल्या 'बॅशआरसी'त. यातला 'बॅश' म्हणजे 'बोर्न अगेन शेल'; शेल म्हणजे आपल्या आज्ञा यंत्रापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम. स्टीफन बोर्न यांच्या जुन्या शेलचा हा 1989चा पुनर्जन्म, आणि नावात त्यांच्या आडनावावर केलेली कोटी. पण 'आरसी' कोण? गाडीच्या आरसी बुकाशी त्याचा संबंध नाही. एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीवर 1960च्या दशकात लुई पूझां यांनी 'रनकॉम' लिहिलं: फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीनं चालवायच्या. 'रन कमांड्स'चं ते आखूड रूप, आणि आरसी ही त्याची उरलीसुरली आद्याक्षरं. 'शेल' हे नावही पूझां यांचंच. आत प्रणालीचा गाभा, कर्नल, म्हणजे गर. बाहेर शेल, म्हणजे करवंटी. नारळ फोडणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

बॅशआरसीच्या आधी एक टिंब असतं, म्हणून ती साध्या यादीत दिसत नाही. हा लपंडाव कुणी ठरवून मांडलेला नव्हता, असं युनिक्सच्या जुन्या मंडळींतले रॉब पाईक सांगतात. फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'नं चालू आणि वरची डिरेक्टरी (त्यांची नावं एक टिंब आणि दोन टिंबं) दाखवू नये म्हणून टिंबानं सुरू होणारं नाव गाळायचा सोपा मार्ग कुणीतरी धरला, आणि त्या आडोशाला फाइलींचा संसार थाटला गेला.

लॉगिन करताना शेल आधी ईटीसीतला प्रोफाइल वाचतो, मग घरचा. त्यामुळे एकाच गोष्टीवर दोघांचं म्हणणं वेगळं पडलं तर बहुधा घरचं चालतं. माझ्या बॅशआरसीत निम्म्या ओळी 'एलियस'च्या आहेत, लांबलचक आज्ञांना ठेवलेली टोपणनावं. एलियसला मराठीत 'उर्फ' म्हणतात, तोही अरबीच. आणि लॅटिन 'एलियस'च्या पोटात पुन्हा 'एलिउस', म्हणजे इतर. गैर!