नौशेरा-राजौरी मार्गावरील चार दिवस

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गडकोट, तलवारी आणि घोडेस्वारांचे छापे उभे राहतात. आमच्या उमेदीची सारी वर्षे मुलांना इतिहास शिकविण्यात गेली. पावनखिंड सांगू लागलो की वर्ग कसा चित्रासारखा स्तब्ध बसे. परंतु पहार, कुदळ आणि सुरुंगाची दारू घेऊन रणांगणात उतरणाऱ्या सैनिकांची कथा पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळली. वस्तुतः सैन्याची वाट मोकळी करणारे ते लोक. त्यांच्यावाचून रणगाडे जागच्या जागी उभे राहतात आणि पायदळाच्या पोटाला अन्न मिळत नाही.

अलीकडे आपल्या समाजातील काही मुले सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षांस बसू लागली आहेत. त्यांचे वडील आम्हांस भेटतात आणि विचारतात, "मास्तर, मुलाची उंची भरते, इंग्रजी बरे बोलतो, गणितही चांगले आहे, मग अधिकारी होण्यास आणखी काय लागते?" खांद्यावर तारा लावण्यास काय लागते हे सरकारी माहितीपत्रकात छापलेले असते. पण दहा-वीस माणसांना "चला" म्हटल्यावर ती मरणाच्या तोंडी का चालू लागतात, हे त्या पत्रकात नसते. त्यासाठी आम्ही सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे १९४८ सालच्या एप्रिलमधील चार दिवस वाचकांपुढे ठेवीत आहोत. राणे कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये. नौशेऱ्याच्या रस्त्यातील सुरुंगांनी तो विचारला नव्हता.

पुण्याजवळ खडकी येथे बॉम्बे सॅपर्स या पलटणीचे ठाणे आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. सॅपर म्हणजे लष्करी अभियंता दलाचा सैनिक. पूल बांधणे, पूल उडविणे, रस्ते करणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे हे त्याचे काम. या एकाच पलटणीत १९१८ साली जन्मलेले दोन तरुण होते आणि दोघांनाही एकाच प्रकारच्या कामगिरीसाठी सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. पहिले प्रेमिंद्रसिंग भगत. वडील संयुक्त प्रांतात अभियंता. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयातून १९३९ साली भगत अधिकारी झाले. १९४१ च्या फेब्रुवारीत ॲबिसीनियात पळणाऱ्या इटालियन फौजेचा पाठलाग चालू असता ते सर्वांत पुढच्या गाडीत बसून ५५ मैल गेले आणि चार दिवसांत १५ सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी करविली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली, सोबतचे लोक पडले, स्वतःच्या कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी बदली माणूस मागितला नाही. वय अवघे बावीस. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.

दुसरे आमचे चरित्रनायक राणे. यांची वाट अगदी निराळी होती. कारवारनजीकच्या चेंडिया गावी २६ जून १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील पोलीस शिपाई. त्यांची बदली होईल तिकडे मुलाची शाळा. अशा मुलांचे अक्षर आणि अभ्यास दोन्ही विस्कळीत होतात, हा आमचा अनुभव. पण अनोळखी गावात, अनोळखी मुलांत चटकन मिसळण्याची कला त्यांस आपसूक येते, हेही आम्ही पाहिले आहे. १० जुलै १९४० रोजी राणे साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. शिक्षणकाळात उत्कृष्ट रंगरूट ठरून त्यांनी कमांडंटची छडी मिळविली. मग ब्रह्मदेशात, अराकानच्या आघाडीवर, जपान्यांशी गाठ पडली. तेथील माघारीत बुथिडाँग येथे दारूगोळ्याचा साठा आणि वाहने नष्ट करण्यासाठी दोन लहान तुकड्यांसह राणे यांस मागे ठेवण्यात आले. काम उरकल्यावर आरमाराचे जहाज त्यांस उचलून नेणार होते. जहाज आलेच नाही. तेव्हा जपानी गस्त चुकवीत, नदी ओलांडून, आपली माणसे घेऊन ते पुन्हा आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. या कामगिरीबद्दल त्यांस हवालदाराची बढती मिळाली.

आमच्या मते राणे यांचे खरे लष्करी विद्यालय हेच. ठरलेली मदत न आल्यास हाताखालच्या माणसांचे तोंड कोणाकडे वळते, हे त्यांनी तेथे पाहिले. अधिकारपद त्यांस १५ डिसेंबर १९४७ रोजी मिळाले. म्हणजे ज्या दिवसांची आम्ही हकीकत सांगणार आहोत, तेव्हा त्यांच्या खांद्यावरील ताऱ्यास चार महिनेही पुरे झाले नव्हते. मात्र फावड्याच्या दांड्याशी त्यांच्या हाताची ओळख साडेसात वर्षांहून जुनी होती.

आता काश्मीरकडे वळू. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी आणि २४ डिसेंबरला झांगर शत्रूच्या हाती गेले होते. १८ मार्च १९४८ रोजी आपल्या फौजेने झांगर परत घेतले आणि नौशेऱ्याहून उत्तरेस राजौरीकडे चाल करण्याचे ठरले. राजौरीतील लोकांवर काय प्रसंग गुदरत होते ते आम्ही येथे वर्णन करीत नाही. एवढे सांगितले तरी पुरे की तेथे पोहोचण्यास लागणारा एकेक दिवस माणसांच्या प्राणांत मोजावा लागत होता. रस्ता एकच, तोही डोंगराच्या कडेने सापासारखा वळणारा. शत्रूने त्यावर चीडाची मोठमोठी झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडविल्या होत्या, कडा ढासळविल्या होत्या आणि जागोजाग सुरुंग पेरले होते. वरच्या टेकड्यांवर त्याच्या मशिनगन होत्या. पायदळ डोगरा रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे, सोबत रणगाडे, आणि या सर्वांच्या पुढे वाट करून देणारी ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची राणे यांची तुकडी.

८ एप्रिल, सकाळचे अकरा. नदपूरच्या दक्षिणेस राणे आणि त्यांचे सॅपर रणगाड्यांजवळ कामाच्या हुकमाची वाट पाहत उभे होते. इतक्यात उखळी तोफांचे गोळे कोसळू लागले. दोघे जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. कामास अद्याप आरंभही झालेला नाही आणि तुकडीतील सात माणसे पडलेली आहेत, अशा वेळी उरलेल्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. राणे यांनी तत्काळ माणसांची नव्याने वाटणी केली आणि काम सुरू केले. मानपत्रात याविषयी एकच वाक्य आहे. त्या दोन मृतांची नावेही तेथे नाहीत, केवळ संख्या आहे. आम्हांस हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपले जखमी शरीर घेऊन पुढारी आधी वाकला म्हणून इतर वाकले; ओरडून सांगण्याजोगे त्या क्षणी काही नव्हते.

सुरुंग काढणे हे धावत जाऊन करावयाचे काम नव्हे. संगिनीचे टोक तिरके धरून जमीन हळूहळू टोचावी लागते, बोटांनी माती बाजूस सारावी लागते, खाली आणखी काही फसवे लावलेले नाही ना ते पाहावे लागते. चढाई करणाऱ्या शिपायास निदान रक्ताचा आवेश असतो. येथे आवेश घातकच. वरून गोळ्या येत असता हात सावकाश चालवावयाचा, आणि शेजाऱ्याचाही चालेल असे पाहावयाचे!

दुपारी साडेचारच्या सुमारास डोगऱ्यांनी नौशेऱ्याच्या उत्तरेस ११ किलोमीटरवरील बरवाली धार जिंकली. शत्रू पुरता हटलेला नाही हे ठाऊक असूनही राणे माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदू लागले. रात्री दहापर्यंत हे काम शत्रूच्या डोळ्यांदेखत चालले. ९ तारखेस पहाटे सहाला पुन्हा आरंभ. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला. ताफा निघाला तेव्हा राणे सर्वांत पुढच्या कॅरियर गाडीत चढले. अर्धा मैल गेले नाहीत तोच चीडाची झाडे आडवी. उतरून ती उडविली. आणखी ३०० यार्डांवर तोच प्रकार. पुढे फुटलेली मोरी. सव्वासहा वाजता, उजेड मावळत असता, पाच प्रचंड वृक्षांचा अडथळा आला. भोवती सुरुंग आणि त्यावर मशिनगनचा रोख. राणे त्यालाही भिडले. तेव्हा ताफ्याच्या प्रमुखानेच परिस्थिती ओळखून ताफा रात्रीपुरता सुरक्षित जागी वळविला. त्या प्रमुखाचीही आम्ही तारीफ करू. हाताखालचा माणूस थांबत नाही, तेव्हा त्यास थांबविणारा वर कोणी असावा लागतो.

१० तारखेस पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यापाशी हजर होते. साडेसहाला तो साफ झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि ढासळलेल्या कडा यांची नुसती रास होती. साडेदहापर्यंत तीही मोकळी झाली. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन, दोरीने चालकास खुणा करीत राणे यांनी सुरुंग काढले, अशीही हकीकत प्रसिद्ध आहे. ती मानपत्रात नाही. आम्हांस मानपत्रात आहे तेवढेच पुरेसे वाटते.

यानंतरचा भाग सांगणारे बहुधा घाईने उरकतात. आम्ही तेथे थोडे थांबू इच्छितो. साडेदहानंतर रणगाडे पुढे निघून गेले आणि दुपारी दोनला चिंगस येथे पोहोचले. चिंगस ही जुनी मोगल सराई. काश्मीरहून परतताना १६२७ साली मरण पावलेल्या जहांगीर बादशहाची आतडी तेथे पुरली, अशी परंपरा आहे. पुढे गेलेल्यांच्या मागे विजयाचा गलबला असतो. राणे मागेच राहिले. रणगाडा जेथून जातो तेथून धान्याची आणि दारूगोळ्याची लॉरी जाईलच असे नाही. ती न गेली तर पुढे गेलेले रणगाडे उपाशी आणि निःशस्त्र. हे ओळखून राणे यांनी अन्न अथवा विसावा न घेता रात्री नऊपर्यंत, म्हणजे पहाटेपासून सोळा तासांहून अधिक, रस्त्याचे काम चालविले. ११ तारखेस सहाला पुन्हा आरंभ करून अकरा वाजता चिंगसपर्यंतची वाट वाहतुकीस खुली केली आणि रात्री दहापर्यंत ते पुढच्या रस्त्यावर राबले. १२ एप्रिलला आपली फौज राजौरीत शिरली.

रणगाडे डोळ्यांसमोर असता माणसास हुरूप येतो. ते दिसेनासे झाल्यावर, जखमी अंगाने, चौथ्या दिवशी, थकलेल्या माणसांकडून दगड उचलून घेणे ही गोष्ट निराळी. हुकमाच्या बळावर पहिला दिवस निभावता येईल. चौथा निभावत नाही. जो पुढारी स्वतः साडेसात वर्षांपूर्वी शिपाई म्हणून याच कामास लागला, त्याच्या शब्दाखातर सॅपर उठून उभा राहिला, असे आम्ही समजतो. भगत यांच्यापाशी ती वर्षे नव्हती. त्यांनी ती उणीव सर्वांत पुढच्या गाडीत बसून भरून काढली. आमच्याकडे येणाऱ्या पालकांनी या दोघांकडे एकत्र पाहावे.

परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी, १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू अशा रीतीने, स्थापन झाले. त्याची आकृती रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपियन आणि विवाहाने महाराष्ट्राच्या सूनबाई होत. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हे पदक पाच वीरांस मिळाले. त्यांपैकी तिघांस मरणोत्तर. उरलेल्या दोघांत राणे एक. २५ जानेवारी १९६८ रोजी ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजास त्यांचे नाव देण्यात आले होते, आणि २०२३ च्या जानेवारीत अंदमानातील एका बेटासही ते देण्यात आले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर २००६ साली त्यांचा पुतळा उभारला गेला. देवदर्शनास गोकर्णाकडे जाणारी आपली कुटुंबे कारवारवरून जातात. त्यांनी तेथे थोडा वेळ काढून तो मुलांना दाखवावा. चेंडिया गाव तेथून जवळच आहे.