रुळाला गिऱ्हाईक मिळाले, इंजिनाला नाही

सरकारी खरेदी म्हटली की आम्हां कारकुनांच्या डोळ्यांपुढे तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता आणि सर्वांत कमी दराखाली मारलेली लाल रेघ एवढेच येते. त्या रेघेने एखादा कारखाना उभा राहतो किंवा बसतो, हे फाईलवर कुठे दिसत नाही. जमशेदपूरच्या इतिहासात मात्र ते लख्ख दिसते.

ब्रिटिश अमदानीत सरकारी खात्यांचे मोठे सामान लंडनला खरेदी होई. इथून मागणीपत्र जायचे, इंडिया ऑफिसचे भांडार खाते तिथे माल घ्यायचे आणि पैसे पौंडांत चुकते व्हायचे. इथल्या कारखानदाराला त्यात शिरकाव मिळणे कठीणच.

याला एक मोठा अपवाद झाला. टाटांची पोलाद कंपनी १९०७ साली नोंदवली गेली. दर वर्षी २०,००० टन रूळ दहा वर्षे घेऊ, असा शब्द सरकारने भट्टी पेटण्यापूर्वीच दिला होता. दर आयात मालाचाच, दर्जाची अटही कडक. म्हणजे हे काही दान नव्हते. पण गिऱ्हाईक ठरलेले असल्यामुळे भांडवल घालणाऱ्याला धीर आला. (टाटांनी रूळ केले तर त्यांतला पौंड न् पौंड मी खाईन, असे रेल्वे बोर्डाचे अपकॉटसाहेब म्हणाल्याची कथा सांगतात. साहेबांची पचनशक्ती तपासायची वेळ आली नाही!) १९१२ साली पोलाद निघाले आणि पहिल्या महायुद्धात तेच रूळ मेसोपोटेमियात पोचले.

आता त्याच गावचा दुसरा कारखाना पाहा. रेल्वे इंजिनांसाठी हिंदुस्थानातही दर वर्षी निविदा मागवू, असे सरकारने १९२१ साली जाहीर केले. त्या भरवशावर पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनी निघाली. पण ‘निविदा मागवू’ आणि ‘माल घेऊ’ यांत केवढे अंतर आहे, हे आमच्या टेबलावरच्या माणसाला विचारा! युद्धानंतर विलायती इंजिने स्वस्त झाली, ऑर्डरी तिकडे गेल्या. पहिले इंजिन महागच पडणार. पन्नासावे बांधताना हात बसतो, खर्च उतरतो. पण पन्नासाव्यापर्यंत जाऊ देणार कोण? १९२४ साली टॅरिफ बोर्डाने तपास केला, तेव्हाही देशातली मागणी अपुरी असेच उत्तर निघाले. कंपनी बुडाली. सरकारनेच ती जागा घेतली आणि तिथे डब्यांचे सांगाडे होऊ लागले.

मला खरा दोष स्वस्त दराचा वाटत नाही. त्या वर्षीचा दर तक्त्यात बसला, बारा वर्षांनंतरचा दर मांडायला रकानाच नव्हता.

१९४५ साली टाटांनी ती शेड सरकारकडून विकत घेतली आणि टेल्को सुरू झाली. तिथे इंजिने झाली, १९५४ पासून ट्रकही निघू लागले. १९८० साली याच टेल्कोने आपल्या आर्थिक विकास महामंडळाबरोबर सत्तरीत, होंड्याला, ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा काढली. तिथे बशींचे सांगाडे बांधले जाऊ लागले, आणि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक टेल्कोच.