‘वीराना’ची जास्मिन: तीन चित्रपट आणि मग पडद्याआड

वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या वाचकांकडून आम्हाला अधूनमधून एकच प्रश्न येतो: ती ‘वीराना’वाली जास्मिन आता कुठे आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर तिच्याबद्दल इतकं काही फिरतं की खरं काय ते एका जागी लिहून ठेवावं, असं आम्हाला वाटलं.

जास्मिन धुन्ना यांचे ठळक चित्रपट तीनच. ‘सरकारी मेहमान’ (1979) हा पहिला, नायक विनोद खन्ना. त्यानंतर ‘डिव्होर्स’ (1984). या दोन्हींची आज फारशी कुणाला आठवण नाही. नाव झालं ते 1988 च्या ‘वीराना’ने.

हा चित्रपट समजायचा तर रामसे बंधू कोण, हे माहीत हवं. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. सात मुलं, आणि कामं घरातच वाटलेली. कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा सांभाळायचे, किरण आवाज, अर्जुन संकलन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी थोडक्या पैशात काढला, आणि तो चालला. पुढे तोच धंदा झाला. मोठे नट परवडत नसत, म्हणून नवे चेहरे घ्यायचे. खरा पैसा लावायचा तो मेकअपवर आणि धुराच्या पडद्यावर! मोठ्या शहरातले समीक्षक नाकं मुरडायचे, पण छोट्या गावांतल्या टॉकीजवर हे चित्रपट तगून राहिले.

‘वीराना’त जास्मिन यांच्या पात्राचं नावही जास्मिनच. ठाकूरच्या (कुलभूषण खरबंदा) या मुलीला लहानपणीच एका चेटकिणीचा आत्मा झपाटतो आणि मोठेपणी ती पुरुषांना जाळ्यात ओढून मारते. सोबत हेमंत बिर्जे, सतीश शाह, गुलशन ग्रोवर, साहिला चढ्ढा आणि आपले विजयेंद्र घाटगे. भुताची भूमिका म्हणजे विद्रूप चेहरा, ही रामसेंची नेहमीची रीत. इथे मात्र भीती एका सुंदर, गप्प चेहऱ्यातून येते. संवाद थोडेच, पण नजर लक्षात राहते. आमच्या मते चित्रपट टिकला तो या एका गोष्टीमुळे. बाकी कथा तशी विस्कळीतच आहे. मुलाबाळांसोबत बघण्याजोगा तो नाही, हेही सांगायला हवं.

एवढं यश मिळूनही त्या पुन्हा पडद्यावर आल्या नाहीत. मग सुरू झाल्या गोष्टी. कुणी त्यांचं नाव अंडरवर्ल्डशी जोडलं, कुणी त्यांना परदेशात पाठवलं, कुणी तर मारूनही टाकलं. पुरावा कुणीच दिला नाही. श्याम रामसे यांनी मात्र एका मुलाखतीत त्या मुंबईतच असल्याचं सांगितलं होतं. ज्यांनी त्यांच्यासोबत काम केलं त्यांचा शब्द आम्ही फॉरवर्डपेक्षा जड मानतो. तुलसी 2018 मध्ये आणि श्याम 2019 मध्ये गेले.

हॉरर सोडून जाणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. ‘पुराना मंदिर’ची (1984) नायिका आरती गुप्ता यांनीही अभिनय सोडला. जाहिरातपट बनवणारे कैलाश सुरेंद्रनाथ यांच्याशी लग्न करून त्या निर्मितीत उतरल्या, लोकांसमोर राहिल्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी भुताटकीच्या कथा रचल्या नाहीत. जास्मिन यांनी मुलाखती दिल्या नाहीत, कॅमेऱ्यासमोर येणं थांबवलं. त्यांचा पत्ता किंवा घरचा फोटो कुणी आमच्याकडे पाठवला, तर तो आम्ही छापणार नाही.